कोकणकड्यावरील रात्र

अहमदनगर जिल्ह्याचे नाव काढले की डोळ्यांपुढे उभे राहतात ते उघडे माळ, उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या नद्या आणि आभाळाकडे डोळे लावून बसलेली गावे. इ. स. २०२४ मध्ये या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. माळ मात्र तेच राहिले. परंतु जिल्ह्याच्या अगदी पश्चिम टोकाला असलेला अकोले तालुका ज्याने पाहिला आहे, त्याला हे चित्र अपुरे वाटल्यावाचून राहणार नाही. जिल्ह्याच्या पूर्व भागात वर्षभरात पाचसहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी शेतकरी समाधान मानतो. अकोले तालुक्यातील घाटघर येथे मात्र एकाच पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई याच तालुक्यात आहे, आणि ज्याच्या कड्यावर उभे राहिले असता धीट माणसाचेही पाय थरथरतात, तो हरिश्चंद्रगडही येथेच आहे.

हरिश्चंद्रगड अहमदनगर, पुणे व ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर उभा आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १४२० मीटर आहे. त्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस तीन दिशांना वाहून जातो. उत्तरेकडील पाणी मंगळगंगेच्या ओढ्याने पाचनईच्या बाजूला उतरते व मुळा नदीच्या वाटेने गोदावरीला मिळते. दक्षिणेकडील पाणी पुष्पावती व कुकडी या नद्यांमधून भीमेकडे जाते. पश्चिमेचे पाणी कड्यावरून थेट कोकणात उडी घेते आणि काळू नदीतून अरबी समुद्र गाठते. एकाच ढगातून गडावर उतरलेले तीन थेंब एकमेकांपासून असे कायमचे दुरावतात. गडावर हरिश्चंद्रेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर आहे. जवळच्या केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाण्यात भले मोठे शिवलिंग आहे. आजूबाजूच्या रानाला इ. स. १९८६ पासून अभयारण्याचे संरक्षण मिळाले आहे. गडावरील ही सर्वच स्थळे पाहण्यासारखी आहेत. पण येथे आलेला प्रवासी शेवटी पश्चिमेकडे वळतो, तो कोकणकडा पाहण्यासाठी.

कोकणकडा इतर कड्यांसारखा सरळ नाही. तो नागाच्या फण्यासारखा पुढे झुकलेला आणि आत वाटीसारखा खोल गेलेला आहे. त्याच्या काठावर पालथे पडून खाली पाहिले तर कड्याची भिंत दिसतच नाही. दिसते ती एकदम खालची दरी. वरून पायथ्याच्या रानापर्यंतचे अंतर सुमारे एक हजार मीटर भरते, आणि त्यातील वरचा मोठा भाग असा आहे की, तेथे पाय ठेवण्यास जागा शोधूनही सापडू नये. कोकणातून वर येणारा वारा या वाटीत अडतो व उसळून वर चढतो. त्यामुळे काठावरून टाकलेले वाळके पान खाली न जाता वर उडून येते. पावसाळ्याच्या दिवसांत सूर्य पाठीशी आणि धुके समोर असले, म्हणजे कधी कधी येथे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसते व त्याच्या मधोमध पाहणाऱ्याची स्वतःची सावली उमटते. याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या गडावरील या दृश्याचे वर्णन लिहून ठेवले असून, ते इ. स. १८३५ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा कडा बनला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. जमिनीच्या भेगांतून लाव्हारस पुन्हा पुन्हा बाहेर आला, थरावर थर साचत गेले आणि त्यांचाच हा काळा कातळ झाला. सर्व थर सारखे कठीण नाहीत. मऊ थर झिजतात, कठीण थर पुढे डोकावतात. म्हणून कड्याच्या पोटात ठिकठिकाणी अरुंद कंगोरे तयार झाले आहेत. त्यांवर गवत वाढते. दुरून पाहणाराला ते कोणी हिरवी रेघ ओढल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात ते कोठे हातभर, तर कोठे खाटेएवढे रुंद असतात. पावसाळा संपला की गवत वाळते, मुरूम सुटा होतो, आणि अशा कंगोऱ्यावर टाकलेले पाऊल घसरण्यास फारसे निमित्त लागत नाही.

इ. स. २०१८ च्या नोव्हेंबर महिन्यात कल्याणकडील सुमारे वीस गिर्यारोहकांचा एक गट हा कडा दोराने उतरण्यासाठी निघाला. गटात पुरुष होते, तशा काही स्त्रियाही होत्या. रविवार, दिनांक २५ रोजी संध्याकाळ झाली तरी त्यांचे उतरणे संपले नव्हते. पाहता पाहता अंधार पडला. वरचा माथा दूर राहिला होता, खालचे रान त्याहून दूर होते, आणि ती सर्व माणसे कड्याच्या मध्येच अडकली होती.

इतकी माणसे एकाच वेळी अशी कशी अडकली? हे समजण्यासाठी दोराने कडा कसा उतरतात, ते आधी पाहिले पाहिजे. कातळात घट्ट ठोकलेल्या मेखांना दोर बांधतात. उतरणारा माणूस कमरेला व मांड्यांना पट्ट्यांचा साज चढवतो. त्या साजाला धातूचे एक साधन असते. त्यातून दोर वळवून घेतला म्हणजे दोर व धातू यांच्या घर्षणामुळे माणूस एकदम खाली न पडता सावकाश उतरतो. एक टप्पा संपला की कंगोऱ्यावर थांबायचे, तेथे नवा दोर लावायचा आणि पुढचा टप्पा सुरू करायचा. हे काम सोपे वाटते; पण त्यात वेळेचा हिशेब मोठा कठोर असतो. एका माणसाला एक टप्पा उतरण्यास दहा मिनिटे लागली असे धरू. एक माणूस दोरावर असताना दुसऱ्याला त्याच दोरावर सोडता येत नाही. मग वीस माणसांना दोनशे मिनिटे लागणार, म्हणजे तीन तास आणि वीस मिनिटे! पहिला माणूस पुढच्या टप्प्याला लागला तरी शेवटचा वरच वाट पाहत बसलेला असतो. कोणाचा दोर अडकला, कोणाचा हात भरून आला, कोणी भांबावून मध्येच थांबला, की तेवढा उशीर मागील प्रत्येकाच्या वाट्याला येतो. हिवाळ्यातील लहान दिवस असा मिनिटामिनिटाने खर्च होतो.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. पुढच्या टप्प्यासाठी वरचा दोर खाली ओढून घेतला की परतीची वाट त्याच क्षणी संपते. डोंगरातील इतर वाटांवर चूक कळताच मागे फिरता येते. येथे मागे फिरण्यासाठी वाटच उरलेली नसते. दोन दोरांमधल्या कंगोऱ्यावर बसलेला माणूस म्हणजे जणू विहिरीच्या मध्यावर टांगलेला माणूस.

सुट्या दगडांचे भय तर प्रत्येक क्षणी असते. वरच्या माणसाच्या पायाखालून सुपारीएवढा खडा सुटला, तरी खालच्याने भिंतीला चिकटून डोके सांभाळावे लागते. शंभर मीटरवरून पडणारा दगड, हवेचा अडथळा सोडून दिला तर, साडेचार सेकंदांत खाली येतो, आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे एकशे साठ किलोमीटर होतो. दगड सुटल्याची आरोळी कानी पडेपर्यंत तो जवळ आलेलाही असतो. अंधारात तर तो दिसतही नाही. फक्त त्याचा आवाज येतो. म्हणूनच रात्री पुढे उतरण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा जेथे आहोत तेथे स्वतःला बांधून घेऊन बसणे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. पण जागा हवी ती कंगोऱ्यावर; नुसत्या दोरावर रात्र काढता येत नाही. साजात निश्चल लोंबकळत राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते आणि थोड्याच वेळात त्याला मूर्च्छा येऊ शकते.

नोव्हेंबरच्या अखेरीस येथे सूर्य सहाच्या आत मावळतो आणि दुसऱ्या दिवशी पावणेसातच्या सुमारास उगवतो. म्हणजे रात्र झाली जवळजवळ तेरा तासांची. त्या वेळी कार्तिकी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. आठच्या सुमारास चंद्र उगवला असला, तरी त्याचा उपयोग काय? कड्याचे तोंड पश्चिमेला आणि चंद्र उगवतो पूर्वेला, गडाच्या पाठीमागून! सारे कोकण चांदण्यात न्हाऊन निघाले तरी कडा मात्र मध्यरात्र उलटून जाईपर्यंत स्वतःच्याच सावलीत बुडालेला असतो. खाली दूरवर वस्त्यांचे दिवे लुकलुकतात. त्या दिव्यांखाली माणसे जेवणखाण करून निजतात. इकडे कंगोऱ्यावर बसलेल्याला पाय पसरण्याचीही चोरी असते. डुलकी लागली तर तोल जाण्याची भीती. जागे राहावे, तर थंडी अंगात शिरते. दिवसभर उन्हात तापलेला कातळ रात्रीच्या पहिल्या प्रहरी थोडी ऊब देतो आणि मग बर्फासारखा गार पडतो. पहाट झाली तरी सुटका होत नाही. पश्चिमाभिमुख कड्यावर सकाळचे ऊन कोठून येणार? सूर्य डोक्यावरून पलीकडे कलेपर्यंत त्या भिंतीला उन्हाचा स्पर्श होत नाही.

सुदैवाने या गटाचा निरोप बाहेर पोचला होता. पोलिसांना वार्ता कळली. डोंगराची माहिती असलेले गावकरी आणि गिर्यारोहणाचा सराव असलेली मंडळी मदतीसाठी धावली. सोमवारी, दिनांक २६ रोजी सर्वांची सुखरूप सुटका झाली.

ही वार्ता एका ओळीत सांगून होते. पण कड्यावरून माणूस सोडवून आणणे म्हणजे काय, हे जाणून घेण्यासारखे आहे. प्रथम माथ्यावर भक्कम आधार पाहावा लागतो. एकच आधार कितीही भक्कम वाटला तरी त्यावर विसंबून राहत नाहीत. दोन-तीन मेखांवर भार वाटून देतात आणि मुख्य दोराच्या जोडीला दुसरा रक्षक दोर सोडतात. कड्याची कड धारदार असते. भार पडलेला दोर तिच्यावर घासू लागला तर तो कापला जाण्याचा धोका असतो. म्हणून कडेवर जाड कापडाची घडी किंवा रबरी नळी घालतात. मग एक जण स्वतः उतरून अडकलेल्यांजवळ जातो. पुष्कळदा त्याच्या हातातील पाण्याच्या बाटलीपेक्षाही त्याच्या आवाजाचाच आधार अधिक वाटतो. वर ओढून घेण्याची वेळ आली तर कप्प्या कामाला येतात. विज्ञानाच्या पुस्तकात शिकवलेली ती कप्पी येथे प्राण वाचवते. दोर कप्प्यांमधून अशा रीतीने फिरवतात की, ओढणाऱ्याला एक तृतीयांश बळ पुरावे. सत्तर किलोग्रॅमच्या माणसासाठी हिशेबाने चोवीस किलोग्रॅमची ओढ पुरे. घर्षणामुळे ती थोडी वाढते. मात्र या सवलतीची किंमत द्यावी लागतेच. माणूस एक मीटर वर येण्यासाठी तीन मीटर दोर ओढावा लागतो. शंभर मीटरसाठी तीनशे मीटर! आणि अशा वीस जणांना वर घ्यायचे असेल तर किती, ते प्रत्येकाने स्वतःच मांडून पाहावे.

अनुभव असला म्हणजे कडा माणसाला ओळख देतो, असे मात्र नाही. आयुष्यभर सह्याद्रीच्या कडेकपारींतून हिंडलेले ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा जानेवारी २०२० मध्ये याच कोकणकड्यावर मृत्यू झाला.

हरिश्चंद्रगडावर संकटात सापडण्यासाठी कड्यावरूनच उतरले पाहिजे असे नाही. पावसाळ्यात येथील साधी पायवाटही फसवी होते. खिरेश्वराहून तोलारखिंडीमार्गे गडावर येणारी वाट पठारावरून लहानमोठ्या टेकड्या ओलांडीत जाते. आभाळ मोकळे असेल तर ही वाट रमणीय आहे. पण श्रावणात धुके उतरले की दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो. एक टेकडी दुसरीसारखीच दिसते. गुरांच्या जाण्यायेण्याने पडलेल्या ढोरवाटा जागोजाग फुटतात आणि माणसांच्या पायवाटेपेक्षाही अधिक मळलेल्या भासतात. ऑगस्ट २०२३ च्या आरंभी पुण्याहून आलेले सहा प्रवासी असेच धुक्यात आणि पावसात वाट चुकले. भिजलेल्या अंगाने रानात काढावी लागलेली रात्र त्यांच्यापैकी एकाला सोसली नाही. त्याचे प्राण गेले. उरलेल्यांना वनखात्याची माणसे आणि गावकरी यांनी शोधून काढले.

धुक्यात माणूस वाट का चुकतो? आपण सरळ चाललो आहोत, अशी प्रत्येकाची खात्री असते. जर्मनीतील ट्यूबिंगन येथील संशोधकांनी याची परीक्षा घेतली; त्यांचे निष्कर्ष इ. स. २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी काही माणसांना घनदाट जंगलात व सहारा वाळवंटात सोडून सरळ रेषेत चालण्यास सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्याच अंशी सरळ चालली. ढगांनी सूर्य झाकला गेल्यावर मात्र जंगलातील माणसे वर्तुळात फिरू लागली आणि आपण आपलीच वाट पुन्हा ओलांडली, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. दिशेची जाण माणसाच्या पायांत नसते. ती डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांत असते. खुणा पुसल्या की पाय आपल्या मनाचे चालतात.

वाट चुकलेला माणूस बहुधा चालून चालून थकतो आणि मग थंडी त्याला गाठते. महाराष्ट्रात थंडीने माणूस मरतो हे कोणाला खरे वाटणार नाही. कारण आपण थंडी म्हटली की हिमालय समजतो. पण शरीराचे तापमान सदतीस अंशांवरून पस्तीस अंशांच्या खाली घसरण्यासाठी बर्फच लागतो असे नाही. ओले कपडे, वाहता वारा आणि रिकामे पोट एवढी सामग्री पुरते. ओले कापड अंगातील उष्णता झपाट्याने ओढून घेते. वारा ती वाहून नेतो. प्रथम हुडहुडी भरते. ही हुडहुडी शत्रू नव्हे. स्नायू थरथरून ऊब निर्माण करीत असतात. पुढे बोलणे जड होते, गाठी सोडता येत नाहीत, पावले अडखळतात. त्याहून पुढची अवस्था भयंकर असते: हुडहुडी थांबते आणि माणसाला बरे वाटू लागते. सोबत्यांनी सावध व्हावे ते याच वेळी. अशाला दोघांच्या मध्ये बसवावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, वाऱ्याला आड करावे, शुद्धीवर असेल तर गोड व कोमट असे काही पाजावे. हातपाय जोराने चोळू नयेत व त्याला चालवू नये.

मग शोधणाऱ्यांना आपला ठावठिकाणा कळवायचा तरी कसा? ओरडून ओरडून घसा बसतो, आणि दरीत प्रतिध्वनी इतके उठतात की आवाज कोणत्या अंगाने आला ते समजत नाही. युरोपातील आल्प्स पर्वतात यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक संकेत ठरवण्यात आला; तो आज जगभरचे गिर्यारोहक पाळतात. एका मिनिटात सहा वेळा शिटी वाजवायची किंवा विजेरी चमकवायची, मग एक मिनिट स्तब्ध राहायचे, आणि पुन्हा सहा वेळा. शिटी फुंकण्यास बळ थोडे लागते आणि ती आवाजापेक्षा पुष्कळ दूर जाते. मधले मिनिट मोकळे सोडायचे ते ऐकण्यासाठी; आपणच वाजवीत राहिलो तर समोरून आलेले उत्तर ऐकणार कोण?

पाचनई, खिरेश्वर आणि कड्याखालचे बेलपाडा येथील लोकांना हा संकेत पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. गुरांमागे रानात फिरणाऱ्या महादेव कोळी व ठाकर समाजातील पोरासोरांनाही कोणत्या घळीतून आवाज आला म्हणजे माणूस कोठे असेल, कोणती नाळ पावसात वाहते, कोणत्या सोंडेवरून धुक्यातही निर्धोक उतरता येते, याची चांगली जाण असते. शहरातून पोलीस, दोर आणि कप्प्या येऊन पोचेपर्यंत काही तास जातात. तोवर भिजत, अनवाणी, हातात काठी व विजेरी घेऊन, आपली शेतीची कामे टाकून जो पुढे निघालेला असतो, तो याच गावांतला कोणी वाटाड्या असतो. धुक्याच्या पोटातून तो शिटीचा कानोसा घेतो आणि मिनिटाला तीन वेळा, ठरलेल्या अंतराने, उत्तर देत वर चढत राहतो.